कोणत्या वस्तू पाणी शोषतात, हे लहान मुलांना कसे शिकवावे?

मुलांना आधी अंदाज करायला सांगून मग सुती कापड, कागद, प्लॅस्टिक आणि धातूचा चमचा यांवर पाण्याचे 5-5 थेंब त्यांच्याच हातून टाकून घ्यावेत, हा सर्वांत चांगला मार्ग आहे. सूत व कागद हे मुख्यतः सेल्युलोजचे (वनस्पतींच्या तंतूंमधील मुख्य पदार्थाचे) असतात. सेल्युलोज पाण्याला धरून ठेवते आणि तंतूंमधील सूक्ष्म फटींतून केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते, तर प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या सलग पृष्ठभागावर थेंब तसाच राहतो. मात्र ‘कागद शोषतो, प्लॅस्टिक शोषत नाही’ असा सरसकट नियम सांगू नये, कारण मेणकागदावर थेंब टिकून राहतो आणि भांडी घासण्याचा स्पंज बहुधा प्लॅस्टिकचाच असूनही त्याच्या छिद्रांत भरपूर पाणी मावते. ही दोन उदाहरणे अवश्य दाखवावीत.