येत राहा

प्रिय पोरा,

सलाम.

तुझा मेसेज वाचला. अंगठ्याने चार ओळी टाइप करून पाठवता आल्या असत्या, पण प्रश्न तसा नाही, म्हणून कागद घेतला. तू लिहितोस, बाबा गेल्यापासून प्रार्थनेला बसलं की आतून काहीच येत नाही. गीतं म्हणताना तोंड हलतं, मन कोरडं. मग दर रविवारी आईसोबत चर्चला येऊन बसणं हे ढोंगच झालं, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं.

घरी बसू नकोस. येत राहा. या पत्रात हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलास तरी वाच.

आषाढीला निघणारा वारकरी निघताना मन लागलंय का हे तपासत बसत नाही. तिथी आली, पिशवी उचलली, निघाला. मन वाटेत कुठेतरी येऊन गाठतं, कधी परतीच्या वाटेवरही गाठत नाही. त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. आपल्याच माणसांना प्रत्येक रविवारी अंतःकरण भरून आलेलं लागतं, कोण जाणे कुठून शिकलो हे.

येशूचा शिष्य थोमा, त्याचं घे. संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनी त्याला 'संशयी' म्हणून पाठ केलं आणि मोकळे झालो. योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय नीट वाच. येशू मेलेल्यांतून उठून शिष्यांना दिसला, त्या पहिल्या रविवारी तो तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं, प्रभूला पाहिलं. याने तोंडावर सांगितलं, खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. पुढचा आठवडाभर आसपासचे सगळे आनंदात, हा एकटा कोरडा. आणि आठ दिवसांनी तीच खोली, बंद दारं, थोमा आत. विश्वास बसला नव्हता तरी आत. त्या दिवशी तोही स्वतःला ढोंगी समजून घरी थांबला असता तर? मला त्या अध्यायातलं सगळ्यांत मोठं हेच वाटतं, आणि यावर प्रवचन मी आजवर ऐकलेलं नाही.

आता बायबलमधलं स्तोत्र 88. आज रात्री वाच, आईला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच. बाकीची बहुतेक रडणारी स्तोत्रं शेवटी वळतात, 'तरी मी तुझी स्तुती करीन' म्हणतात. हे वळत नाही. हा माणूस रात्रंदिवस ओरडतो, तू माझे सोबती माझ्यापासून दूर केलेस म्हणतो, आणि शेवट काळोखात होतो. तसंच ठेवलंय पवित्र शास्त्रात, कुणी खाली गोड ओळ जोडली नाही. म्हणजे ज्याला स्तुती सुचत नाही त्याच्यासाठीही उपासनेत शब्द राखून ठेवले आहेत. मला चाळिशीपर्यंत हे कुणी दाखवलं नाही. जन्म चर्चमध्ये गेला माझा, नागपूरच्या मेकोसाबागेतलं घर, रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना, आणि आठवतात ती सगळी विजयाची गीतं. ती चाळीस वर्षं मला कुणी परत देणार नाही. तू आत्ताच वाच.

'उपास-प्रार्थनेत विश्वास कमी पडला म्हणून बाबा वाचले नाहीत' असं जे तुला दारात गाठून सांगितलं गेलं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, नाहीतर शब्द तोंडातून भलते जातील. एवढंच बघ, पोरंबाळं, संपत्ती सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ठीक होते. तोंड उघडलं आणि घोळ झाला. शेवटी देवाचा कोप भडकला तो त्या उपदेश करणाऱ्यांवर. भांडणाऱ्या ईयोबावर नाही.

तुला वाटत असेल, सर म्हातारे झाले, शास्त्रातली माणसं दाखवून सुटतात. मग पंडिता रमाबाई घे. दुष्काळात आई-बाप गेले, बहीण गेली, नंतर भाऊ, लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा कॉलऱ्याने गेला. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि या बाईने पुढे स्वतःच लिहून ठेवलं की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षं तिला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षं! त्या आठ वर्षांत ती बसून नव्हती. अमेरिकेत फिरली, 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, धर्मगुरूंशी तावातावाने वाद घातले, आणि शास्त्र वाचत राहिली. पुढे केडगावला हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या शास्त्राचं मराठी भाषांतर करायला घेतलं. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी काम हातातून सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः गेली ती ते पुरं करूनच. तुझे तर अजून आठ महिनेही झाले नाहीत, आणि तू हिशेब मांडायला बसलास.

आपल्या गावाचंही सांगतो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरच्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया हे एकच चर्च झालं. मी तेव्हा शाळकरी पोर. बोलणी 1929 पासून चालली होती. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यायचा की कळत्या वयात, यावर किती वर्षं घासाघीस. शेवटी दोन्ही चालतील असं ठरलं. पटत नसताना चाळीस वर्षं एका टेबलाशी येऊन बसायचं म्हणजे काय, ते आपल्या मोहल्ल्यातल्या भाऊबंदकीवरून तुला कळेल.

आता माझं. तुझ्या काकू गेल्या तो गुरुवार होता. शुक्रवारी दफन. रविवारी मी नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो. घरात पाहुणे होते, मुलगा नुकताच गाडीतून उतरला होता, आणि मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो. मुलगा म्हणाला, तुमचं काळीज दगडाचं आहे. बहीण आजही चारचौघांत बोलून दाखवते. बोलू दे. घरी राहून मी काय केलं असतं? तिची औषधं कपाटावर तशीच होती, ती मोजत बसलो असतो. त्या दिवशी मी एक ओळ गायलो नाही. उभा राहिलो, पुस्तक उघडं धरलं, पान कुठलं होतं तेही बघितलं नाही. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाई बेसूर गात होत्या, दोघांच्या वाटचं गात होत्या म्हण. पुढे कितीतरी महिने असंच चाललं. माझ्या विश्वासाचं ओझं त्या काळात इतरांनी उचललं. मी फक्त जागेवर हजर होतो. मुलगा आता पुण्यात असतो, चर्चला जात नाही, त्याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण त्या रविवारचं नाही वाटत. पुन्हा तसंच झालं तर पुन्हा जाईन.

आणि हातांना काम लाव. मन कोरडं असलं की नुसतं बसून ते स्वतःलाच कुरतडतं. मला पाळकसाहेबांनी त्या उन्हाळ्यात कूलरचं काम दिलं होतं. नागपूरचा मे, सकाळी साडेआठच्या उपासनेला बाक तापलेले. सातला यायचं, टाकीतलं रात्रीचं गढूळ पाणी काढायचं, नवीन भरायचं, गवताच्या ताट्या भिजल्या का हाताने चाचपायच्या, पंप अडला तर टिचकी मारायची. चार कूलर होईतो घाम निथळायचा अन् मंडळी यायला लागायची. त्या तासात मी प्रार्थना केली नाही, पण रडलोही नाही. तुला कूलर नको असतील तर गीतांची पुस्तकं मांड, जिन्यावरून आजीबाईंना हात दे, काहीही कर. 'परीक्षा झाल्यावर बघू' हे मला सांगू नकोस. तुझी परीक्षा यंदा आहे, पुढच्या वर्षीही आहे, एमपीएससीला अंत नाही.

प्रार्थना येत नसेल तर येशूने शिकवलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'च म्हण. तेही नको असेल तर म्हणू नकोस, बाकावर बस. प्रभुभोजनाला पुढे यायचं की नाही ते तुझं तू ठरव, मी त्यात पडत नाही. देवावर राग असेल तर तो त्याच्या घरात येऊन कर. फक्त येत राहा.

आईला एकटीला रिक्षाने पाठवू नकोस. तिला कोणतं गीत हवं ते विचारून शनिवारपर्यंत कळव, मी पेटी वाजवणाऱ्याला सांगून ठेवतो. आणि दारात तुला गाठणाऱ्या त्या वडीलधाऱ्यांच्या नादी तू लागू नकोस, उलट बोलू नकोस. त्यांना मी गाठणार आहे, उपासना संपल्यावर, बाहेर.

तुझा,
सर