नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात बदकांचे फोटो डोळ्यांच्या पातळीवरून कसे काढावेत?

बदकांचे फोटो अनेकदा वरून टिपल्यासारखे दिसतात, कारण पक्षी पाहण्याच्या मनोऱ्यावरून किंवा उभ्याने काढताना बदकामागे फक्त जवळचे पाणीच येते. काठावर पालथे झोपून, डाळ किंवा तांदूळ भरलेल्या पिशवीवर लेन्स टेकवली, तर मागचा दूरचा काठ धूसर होतो आणि हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचे पिवळे टोक व बुडाशी असलेले लाल ठिपके स्पष्ट उठून दिसतात. झोपणे शक्य नसेल तर कॅमेरा खाली धरून त्याचा वर वळवता येणारा स्क्रीन वापरावा. काठ उंच असल्यास थोडे दूरचे बदक निवडावे, कारण अंतर वाढले की खाली पाहण्याचा कोन आपोआप कमी होतो. त्यासाठी ४०० मिमी किंवा अधिक लांबीची लेन्स हवी. फोकस डोळ्यावर ठेवावा आणि तलवार बदकाची पांढरी छाती उजळून जाऊ नये म्हणून एक्स्पोजर (फोटोतला उजेड) किंचित कमी करावे.

हिवाळ्यातील सकाळी सूर्य पाठीशी घेऊन आधीच जागा धरावी आणि बदकांनाच जवळ येऊ द्यावे. त्यांनी सावध होऊन माना ताठ केल्या, तर तिथेच थांबावे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या तलवार बदकासारख्या पाहुण्यांना फोटोसाठी उठवणे मला मुळीच पटत नाही. हे अभयारण्य आहे, त्यामुळे पाण्यात उतरू नये आणि काठावर कुठे बसता येईल, हे वन कर्मचाऱ्यांना आधी विचारावे.