उत्पादन संकरित बाजरीच जास्त देते, मग गावरान वाण जपायचे कशाला?

जपायचे, कारण टपोरा दाणा, लवकर पक्वता, रोगाला दाद न देणं हे संकरिताला लागणारे गुण शेवटी गावरान वाणांतूनच उचलावे लागतात. १९६५ च्या एचबी-१ पासून आपले पहिले संकरित वाण टिफ्ट २३ए या एकाच नर-वंध्य (स्वतःचा पराग न देणाऱ्या) मादी वाणावर उभे होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी (केवडा) रोग पसरला, एकाच मादीचे हे वाण त्याला बळी पडले आणि कणसांच्या जागी पानांचे झुपके उरले. उलट, पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोकडच्या इनियादी या गावरान बाजरीतून टपोऱ्या दाण्याचा आयसीटीपी ८२०३ हा वाण निघाला आणि त्यातूनच पुढे लोहयुक्त 'धनशक्ती' हा वाण. मात्र नुसतं गावरान बी पेरून संकरिताइतका उतारा पडेल, ही अपेक्षा ठेवू नका. शिवाय बाजरीत परपरागीभवन होतं, त्यामुळे शुद्ध बी हवं असेल तर प्लॉट शेजारच्या बाजरीपासून लांबच घ्या.