मिल्टनच्या महाकाव्यातील पाप आणि पश्चात्ताप : नव्या वाचकासाठी

आपण सतराव्या शतकातील इंग्रज कवी मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ हे महाकाव्य वाचावयास घेतले आहे, तर पहिल्या दोन सर्गांतील, देवाविरुद्ध बंड करून हरलेल्या सैतानाच्या तेजस्वी भाषणांपाशीच थांबू नका, असे मी आग्रहाने सांगेन. चौथ्या सर्गाच्या प्रारंभी एकटा असताना तो पश्चात्तापाचा विचार करतो आणि शरण जाण्याची लाज वाटल्याने तो मार्ग नाकारतो. हे स्वगत मोठ्याने, सावकाश वाचावे. नवव्या सर्गात सर्पाच्या रूपातील सैतान पहिली स्त्री ईव्ह हिला, देवाने मना केलेले फळ खाण्यासाठी, स्तुतीने आणि युक्तिवादाने भुलवतो. तिचा पती, पहिला पुरुष ॲडम, मात्र फसलेला नसतो. तिच्यावाचून जगणे असह्य वाटल्यामुळे तो जाणूनबुजून फळ खातो, आणि हा भेद मला साऱ्या काव्याचा गाभा वाटतो. पुढे दोघेही एकमेकांना दोष देत राहतात. दहाव्या सर्गात ईव्ह ॲडमच्या पायांशी कोसळून क्षमा मागते, तेथून खरा पश्चात्ताप सुरू होतो. सर्गाच्या अखेरीस ॲडम प्रार्थनेचा जो बेत सुचवतो, त्याच ओळी कवी जवळजवळ जशाच्या तशा, आता प्रत्यक्ष कृती म्हणून, पुन्हा लिहितो. ही पुनरुक्ती घाईने ओलांडू नये. १६६७ च्या आवृत्तीत दहाच सर्ग होते, म्हणून सर्गांचे हे क्रमांक जुळण्यासाठी १६७४ च्या बारा सर्गांच्या आवृत्तीवर आधारलेली प्रत घ्यावी.