युरोपला जाताना सगळ्यांचे पासपोर्ट आणि पैसे एकाच माणसाकडे ठेवावेत का?

तुम्ही आई-वडिलांना घेऊन रोम, पॅरिसला निघालाय आणि विचारताय, की सगळ्यांचे पासपोर्ट आणि युरो वडिलांच्या कमरेच्या पाऊचमध्ये ठेवावेत की प्रत्येकाला मनी बेल्ट घ्यावा. पाऊचचा विचार आजच सोडा. कर्त्या माणसाकडे दिलं की सगळं सुरक्षित, ही समजूत आमच्याही घरात होती.

आम्ही सांगलीहून गेलो होतो. मी, नवरा, मुलगा, थोरले दीर, जाऊबाई आणि सासूबाई. रोममध्ये पहिल्याच सकाळी हॉटेलच्या लॉबीत भाऊजींनी सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. मी माझा आणि मुलाचा दिला नाही. "विश्वास नाही का माझ्यावर?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. सासरी थोरल्या दिरांना नाही म्हटलं की बोलणं तिथेच जातं. नवऱ्याने आपला मुकाट्याने देऊन टाकला. सासूबाई मात्र म्हणाल्या, "माझा माझ्यापाशी राहू दे रे." त्यांनी निघायच्या आधीच परकराला आतून चोरखिसा शिवून घेतला होता, त्याला चेन आणि वरून सेफ्टी पिन. वर्षानुवर्षं आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत वावरलेली बाई. गर्दीत चीजवस्तू कशी जपायची हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

व्हॅटिकनला जायला आम्ही तेर्मिनी या रोमच्या मुख्य रेल्वे स्टेशनहून मेट्रोची ए लाइन पकडली. डब्यात शिरताना पुढची एक मुलगी दारातच थबकली आणि मागून दोघी रेटत आल्या. एकीच्या हातावर जॅकेट टाकलेलं होतं, त्याच्याखाली हात काय करतोय ते दिसतच नाही. भाऊजींचा पाऊच पुढे पोटावरच होता, पण त्यांचा एक हात वरच्या दांड्याला आणि दुसऱ्यात बॅग. दार लागता लागता तिघी उतरून गेल्या. रेपुब्लिका स्टेशन यायच्या आत कळलं की चेन उघडी आहे. तीन पासपोर्ट, सगळी रोकड, फोरेक्स कार्ड (परदेशी चलन भरलेलं कार्ड) आणि त्याच्या जोडीला मिळालेलं राखीव कार्डसुद्धा. राखीव कार्ड मूळ कार्डाच्याच कप्प्यात ठेवायचं तर ते घ्यायचं तरी कशाला?

पोलिसांत तक्रार देताना जाऊबाईंना स्वतःचा पासपोर्ट नंबर सांगता येईना. पासपोर्ट घरी आल्या दिवसापासून तो भाऊजींच्या कपाटात होता. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा.

तक्रारीची प्रत घेऊन मग भारतीय दूतावास. तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. बऱ्याच जणांना वाटतं की ते हातात आलं की सहल पुढे चालू. तसं नाही. ते भारतात परत येण्यापुरतंच असतं, आणि शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) पासपोर्टवरच चिकटवलेला असल्याने तोही गेलेला असतो. आमचं स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनचं बुकिंग बुडालं. सासूबाईंना बर्फ बघायचा होता. त्यांचा पासपोर्ट, व्हिसा शाबूत होता, मी म्हटलंही की आपण तिघं जाऊ. मुलांना मागे टाकून त्या जाईनात.

घरात अजूनही "नशिबात नव्हतं" आणि "तिथले चोरच तसले" हेच चालतं. मला ते मान्य नाही. चोर तरबेज असतात हे खरंच आहे. २०१३ मध्ये पाकीटमारांच्या त्रासाला कंटाळून पॅरिसच्या लूव्हरमधल्या कर्मचाऱ्यांनी काम बंद केलं होतं आणि संग्रहालय बंद ठेवावं लागलं होतं. त्यामुळे खिसा मारला गेला याचा दोष मी भाऊजींना कधीच दिला नाही. पण एका खिशाबरोबर तिघांचे पासपोर्ट आणि सगळ्यांचे पैसे गेले, ते आम्ही एका जागी ठेवले होते म्हणून.

तेव्हा ज्याचा पासपोर्ट त्याच्या अंगावर, कपड्यांच्या आत. मनी बेल्ट घ्या किंवा शिंप्याकडून चोरखिसा शिवून घ्या, काम एकच. फक्त त्यातले पैसे चारचौघांत काढायचे नाहीत, दिवसाच्या खर्चाचे सकाळीच वेगळे करायचे. नियमाने ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेता येतात म्हणून तेवढ्या नेऊ नका. कार्डं दोन माणसांकडे वाटून ठेवा. बँकेचा परदेशातून लागणारा नंबर कागदावर लिहून घ्या, १८०० चे नंबर बाहेरून सहसा लागत नाहीत, आणि फोन गेला की ओटीपीही गेला. व्हिसासाठी जो ३०,००० युरोचा विमा सक्तीचा असतो तो दवाखान्यासाठी, चोरीसाठी नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

लहान मुलांचं किंवा विसरभोळ्या माणसांचं अर्थातच दुसऱ्याने सांभाळायचं. आणि पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून फिरायचं म्हणाल, तर इटलीत पोलीस मूळ पासपोर्ट मागू शकतात, झेरॉक्स दरवेळी चालेलच असं नाही.

तुमच्या वडिलांना वाईट वाटेल, वाटू द्या. आईंचा पासपोर्ट त्यांच्याच हातात द्या आणि निघायच्या आधी नंबर त्यांच्याकडून पाठ करून घ्या.