मालिकेतल्या माणसाचं सुतक

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा जवळजवळ एकाच विषयावरचा आहे. त्यामुळे स्वयंपाकघरात कटकारस्थानं करणाऱ्या जाऊबाई पुढच्या अंकात. आज मयताचंच बोलू.

ताई, आमचे सासरे एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. 'सीआयडी' ते १९९८ पासून बघतात. एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला एसीपी प्रद्युम्नना स्फोटात मारलं. चॅनेलनं श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, ती आबांच्या मोबाइलवर आली. त्यांना वाटलं, एसीपींचं काम करणारे शिवाजी साटमच गेले. ते सुखरूप आहेत म्हटल्यावर शांत व्हावं, तर उलट भडकले. जेवताना बोलत नाहीत, रिमोट नातवाकडे देऊन टाकलाय. फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस खरोखर गेले, तेव्हा मात्र गपचूप जुने भाग बघत बसले होते. माझे मिस्टर हसतात. आपण काय करावं?
— एक सून, कराड

मिस्टरांना आधी गप्प करा. आबांना सगळं नीट कळतंय, आणि ते तुमच्याच पत्रात आहे. डिसेंबर २०२३ मध्ये फडणीस गेले ते आजारानं. तिथे कुणाला जाब विचारणार? जुने भाग लावून बसणं हीच श्रद्धांजली. एसीपींना मात्र कुणीतरी बसून, चहा पीत, ठरवून मारलंय. उभा जन्म डेपोत गाड्या सोडण्यात गेलेल्या माणसाला कळतं की गाडी आपोआप रद्द होत नाही, कुणाची तरी सही असते.

ती सही कुठे होते ते सांगते, कारण त्या टेबलाला मीही बसलेली आहे. पात्र मारायचं ठरतं ते बहुतेक वेळा कॅलेंडरसमोर. नटाला सिनेमा मिळाला, पैशावरून बिनसलं, डेट्स जुळेनात, प्रकृती साथ देईना. नाहीतर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि चॅनेलकडून फोन येतो: काहीतरी मोठं करू या. मोठं म्हणजे लग्न, अपहरण नाहीतर मरण. लग्नाला खर्च फार. मांडव, साड्या, वऱ्हाडाला ज्युनियर आर्टिस्ट, त्यांचं जेवण. मरण त्या मानानं स्वस्त. पांढरे कपडे कॉस्च्युमकडे इस्त्री करून तयारच असतात.

मग आर्टचा पोरगा नटाकडे फोटो मागायला जातो. समोर बघणारा, जरा हसरा, हार घालता येईल असा. माझ्या एका मालिकेत (नाव विचारू नका) ज्येष्ठ नटानं फोटो द्यायला साफ नकार दिला. म्हणाले, "माझी आई रोज ही मालिका बघते. तिच्यासमोर माझ्या फोटोला हार घालताय?" सगळे गप्प. शेवटी कॅमेरा फोटोच्या जागी, भिंतीला टेकवून लावला. फ्रेममध्ये फक्त रडणारे चेहरे आणि कडेला झेंडूच्या दोन-तीन पाकळ्या. प्रेक्षकांनी फोटो पाहिलाच नाही आणि तो सीन आमच्या मालिकेतला सगळ्यात चांगला ठरला.

आबांना सांगा, राग रास्त आहे. मात्र जेवण चुकवू नका. प्रॉडक्शनवाले तिकडे वेळेवर जेवतात.

पात्र मारायचं आणि पुन्हा जिवंत करायचं, ही फसवणूक नाही का? मिहीर विराणीच्या वेळी माझ्या आईनं खरंच डोळे सुजवून घेतले होते.
— एक वाचक, ठाणे

या रोगाचं मूळ तिथेच आहे. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली जुलै २००० मध्ये, रात्री साडेदहाला. काही महिन्यांत तुलसी-मिहीर घरोघरीचे झाले, आणि मग मिहीरला अपघातात मारलं. अमर उपाध्यायच्या चाहत्यांनी देशभर असा गहजब केला की मिहीरला परत आणावं लागलं. पुढे अमर गेला, इंदर कुमार आला, मग रोनित रॉय. मिहीर काही मेला नाही, नट बदलत राहिले.

प्रेक्षक त्या दिवशी जिंकले असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्या दिवशी धंदा एक गोष्ट शिकला: मरणाचा प्रोमो एकदा चालतो आणि परत येण्याचा दुसऱ्यांदा. एकाच माणसाचे दोन प्रोमो! तेव्हापासून प्रेक्षकाला धड रडता येत नाही. रडावं तर उद्या तो दाढी वाढवून, नाहीतर स्मृती घालवून दारात उभा राहील. न रडावं तर हा खरंच गेला तर काय? सुतक धरायला लावायचं आणि तेराव्याच्या आत सोडवायचं, असा प्रकार आहे.

आता एसीपींचंच बघा. श्रद्धांजलीची पोस्ट आली, लोकांनी फुलांच्या आणि शिव्यांच्या राशी घातल्या. साटमांना बातमीदारांनी गाठलं तर ते म्हणाले की आपण सध्या सुट्टीवर आहोत, पुढे काय ते निर्मात्यांना ठाऊक. म्हणजे ज्याचं दहावं चाललंय तो रजेवर! बँकेची नोकरी सांभाळून नाटक करत वर आलेल्या माणसाला साजेसंच उत्तर. त्यामुळे ठाणेकर, मी तरी एवढ्यात तर्पण करणार नाही.

मेलेल्याला मेलेलं ठेवायची हिंमत दाखवणारेही असतात. अमेरिकेत 'मॅश' नावाची मालिका होती, कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची, विनोदी. तिच्यात हेन्री ब्लेक हा गबाळा, भला अधिकारी. मॅक्लीन स्टीव्हन्सन हा नट मालिका सोडणार होता, म्हणजे कारण आपल्याकडचंच. हेन्रीला घरी जायचा हुकूम येतो, सगळे मिठ्या मारून निरोप देतात. मार्च १९७५ चा तो भाग तिथेच संपला असता तरी चाललं असतं. पण लेखकांनी एक शेवटचं पान लपवून ठेवलं होतं. बाकी चित्रण उरकल्यावर नटांच्या हातात ते दिलं. ऑपरेशन चालू आहे, रडार नावाचा कारकून कागद घेऊन आत येतो आणि वाचतो: हेन्रीचं विमान समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. डॉक्टर टाके घालत राहतात.

संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला. विनोदी मालिकेत हे कशाला, म्हणून. करणारे ठाम राहिले की युद्धात माणसं अशीच जातात. हेन्री परत आला नाही, स्वप्नातसुद्धा नाही. नट सोडून गेला ही अडचण. लेखकांनी तिचं युद्ध केलं. आपल्याकडे त्याच अडचणीचा स्फोट करतात, आणि राख चाळायला पुढच्या शनिवारी बोलावतात.

आमचं आवडतं पात्र मारलं म्हणून आम्ही हॉस्टेलच्या मुली चॅनेलला मेल पाठवतोय आणि मालिका बघणं बंद करतोय. उपयोग होईल का?
— विद्यार्थिनी, पुणे

तुम्ही टीव्ही बंद केलात तर विजेचं बिल कमी होईल. टीआरपीचे मीटर निवडक घरांत असतात, हॉस्टेलच्या हॉलमध्ये नाही. प्रोमोखालच्या प्रतिक्रिया मात्र चॅनेलची पोरं खरोखर वाचतात, रोज सकाळी त्यांचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात. तेव्हा तिथे लिहा, आणि मुद्द्याचं लिहा. 'आम्ही बघणार नाही' यापेक्षा 'अमुक प्रसंगात तो असं वागला असता का?' हे जास्त टोचतं. लेखकाच्या आईबापाला मध्ये आणू नका. श्रेयनामावलीत नाव त्याचं असतं, सही दुसऱ्याची असते.

आणि पात्र परत आलंच पाहिजे असा हट्टही नको. वेल्समधल्या कार्डिफमध्ये घडणाऱ्या बीबीसीच्या 'टॉर्चवुड' मालिकेतला इयान्टो जोन्स जुलै २००९ मध्ये मारला. तो सहकाऱ्यांना कॉफी करून द्यायचा, म्हणून चाहत्यांनी बीबीसीला कॉफीची पाकिटं पाठवली, बीबीसीच्याच मुलांसाठीच्या निधीला पैसे दिले. पडद्यावर तो परतला नाही. मात्र कार्डिफच्या 'मरमेड की' या धक्क्यावर, मालिकेतल्या गुप्त दारापाशी, लोकांनी चिठ्ठ्या, फोटो आणि टाय लावायला सुरुवात केली, आणि त्या भिंतीला त्याच्या नावाची पाटीही लागली. न जन्मलेल्या माणसाचं स्मारक! मला हे मेलपेक्षा बरं वाटतं.

आमचे अण्णा नाईक तर मेल्यावरच जास्त गाजले. त्यांच्यासाठी कुणी का नाही भांडलं?
— एक मालवणी माणूस, कुडाळ

कारण सांगून मारलं. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झालं तेच अण्णांच्या मरणानं. २०१९ मध्ये दुसऱ्या भागात गोष्ट मागे नेली आणि माधव अभ्यंकरांनी जो माणूस उभा केला, त्याचा शेवट प्रेक्षकांना आधीच माहीत होता. तो कधी मरतो याचीच लोक वाट बघत होते, आणि मरेपर्यंत त्याच्यावाचून करमतही नव्हतं. तिसऱ्या भागात तर भूत होऊनच आले. जिथे भुताला नियमित काम मिळतं, तिथे कोण कुणासाठी भांडणार?

अण्णांच्या शेवंताबद्दल तुम्ही जे विचारलंय, ते संपादकांनी गाळलंय.