वृत्त, छंद आणि ओळीचे वळण

दादरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, लेखन सुधारावे म्हणून त्या रोज भुजंगप्रयातात चार ओळी लिहितात, तर या सरावाला ‘वृत्तबद्ध’ म्हणावे की ‘छंदोबद्ध’? हल्ली यमक जुळलेल्या कोणत्याही मजकुराला सर्रास ‘वृत्तबद्ध कविता’ म्हटले जाते आणि ते ऐकून संताप येतो, म्हणून आधी भेद सांगतो. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त केलेली विभागणी पुरेशी स्पष्ट आहे: लघुगुरूंचा, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराच्या अक्षरांचा, क्रम ठरलेला असेल ते वृत्त, मात्रांची (लघूची एक, गुरूच्या दोन) बेरीज जुळवायची ती जाती आणि केवळ अक्षरे मोजायची तो छंद. भुजंगप्रयात हे वृत्तच, ओवी आणि अभंग हे छंद.

खरी गंमत ‘वृत्त’ या शब्दात आहे. त्याचा धातू ‘वृत्’, म्हणजे वळणे, फिरणे. आपले ‘आवर्तन’, ‘वर्तुळ’ आणि ‘वाटोळे’ त्याच कुळातले. लॅटिनमधला ‘व्हर्सस’ हा शब्दही याच मूळ धातूचा असून त्याचा अर्थ कवितेची ओळ असा आहे, तसाच नांगराचे तास असाही आहे, कारण शेताच्या टोकाशी नांगर वळतो तशी ओळही वळते. इंग्रजीतला ‘व्हर्स’ त्यातूनच आला. निरुक्तकार यास्काचार्यांचे ‘छन्दांसि छादनात्’ (झाकतात म्हणून छंद) हे वचन पुढे करून रचनेला विचारावरचे आच्छादन ठरवणाऱ्या पंडितांशी म्हणूनच माझे मुळीच जुळत नाही. यास्क वैदिक छंदांविषयी बोलत होते. त्यांचे वचन वृत्ताच्या गळ्यात बांधण्याचे कारण नाही. वृत्त विचाराला झाकत नाही, ते त्याला वळवते, आणि सरावाचा सारा लाभ त्या वळवण्यात आहे.

उदाहरण घ्या. भुजंगप्रयातात एक लघू आणि दोन गुरू हा तीन अक्षरांचा गण चार वेळा येतो. ‘सकाळी कुणाला कुठे वेळ आहे’ हे आपण फलाटावर सहज बोलतो आणि ते बारा अक्षरांत चोख बसते. ‘लोकल’ मात्र बसत नाही, कारण तिच्यात दोन लघू लागोपाठ येतात. ‘दादर’चीही तीच अडचण. मग ‘विरारास गाडी’ असे लिहावे लागते, आणि तोंडात बसलेला शब्द सोडून दुसरा शोधण्याची सवय हाताला लागते, जी पुढे गद्यातही उपयोगी पडते.

‘लोकल’ हवीच असेल, तर मंदाक्रांता या वृत्ताकडे जाऊ नका. तिथे गुरूनंतर दोन लघू एकाच जागी मिळतात, पण चौथ्या अक्षरावरची यती, म्हणजे ओळीतला ठरलेला थांबा, शब्दाचे दोन तुकडे करते. चौदा अक्षरांची वसंततिलका घ्या: ‘ही रोज लोकल तशीच दुरून येते’. चौथे अक्षर गुरू, पाचवे आणि सहावे लघू, आणि शब्द अखंड राहतो. पुढच्या तीन ओळी तुम्ही लिहा.